आमच्या दारातल्या अकरा गाड्या

मला मोटारसायकल चालवता येत नाही. मागे बसायचीही सवय नाही. बसलेच तर एका अंगाने बसते आणि उतरेपर्यंत तोंड उघडत नाही. तरी मोटारसायकल कशी लावावी हे आमच्या इमारतीत माझ्याइतकं कोणाला कळत नाही. हे मी हौसेने शिकले नाही. उंबरठ्यावर बसून दुसरं काही दिसतच नव्हतं.

पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत आमची चार मजली इमारत आहे. रस्त्याकडे तोंड केलेली दोन दुकानं, बाजूला लोखंडी गेट, गेटातून आत आलं की खांबांमधली मोकळी जागा, आणि त्या जागेच्या टोकाला आम्ही. एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलगा बंदराकडच्या कंटेनर यार्डात कामाला आहे, सून एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. मी तीस वर्षं मासळी विकली. गुडघा गेला तेव्हा पाटी सोडली, पण बाजार सोडला नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खाणाऱ्यांचे वार. त्या तीन दिवशी मी दहा वाजता काठी घेऊन बाजारात जायची आणि एक वाजेपर्यंत नणंदेशेजारी पाटावर बसून गिऱ्हाइकांची कोलंबी सोलून द्यायची. नणंद गव्हाण गावची, अजून विकते. मी पैशासाठी जात होते असं नाही. घरात दिवसभर बसले की मी भांडण उकरून काढते. हे सुनेला माहीत आहे आणि मलाही.

दारापासून गेटपर्यंत चौदा पावलं. मधे अकरा गाड्या.

गाडी साइड स्टँडवर लावली की डावीकडे कलते आणि दीड गाडीची जागा खाते. मेन स्टँडवर सरळ उभी राहते, पण ती चढवायला जोर लागतो आणि दमून आलेला माणूस तो जोर लावत नाही. तिच्या उजव्या बाजूने जावं तर सायलेन्सर. नुकत्याच आलेल्या गाडीचा सायलेन्सर तव्यासारखा तापलेला असतो. आमचं लुगडं पोटरीच्या वर, त्यामुळे भाजतं ते थेट कातडीला. माझ्या पोटरीवर दोन डाग आहेत. डाव्या बाजूने जावं तर गियरचा दांडा नडगीवर बसतो. आणि हँडल वळवून लॉक केलेलं असलं की त्याचं टोक बरोबर पोटाशी येतं. धडधाकट माणूस यातून वाट काढतो. काठीवाल्या बाईला दोन फूट सरळ वाट लागते, तेवढीच नसते.

एका बुधवारी मी पिशवी घेऊन निघाले. आमचं लाकडी दार आत उघडतं, जाळीचं बाहेर. जाळीचं दार वीतभर उघडलं आणि अडलं. पुढे दोन गाड्या आडव्या. एक दुसऱ्या मजल्यावरची आणि एक माझ्याच मुलाची. सकाळी कोणीतरी आपली काढताना या दोन मागे ढकलून दिल्या होत्या. दोन्हींचे मालक कंपनीच्या बसने कामावर गेलेले. जाळीतून हात घालून ढकलून बघितलं. गाडी हलली नाही, मनगट सोललं.

मी हाका मारल्या. वरच्या मजल्यावरची एक बाई जिन्यात थांबली.

"काय झालं आजी?"

"गाडी काडा ही."

"माझी नाहीये ती," ती म्हणाली आणि निघून गेली. खोटं बोलली नाही. तिची नव्हतीच.

साडेदहाला नणंदेचा फोन आला. "वयनी, आलीस नाय? कोलंबीवाल्या बाया थांबल्यात."

"दार उगडत नाय."

"उगडत नाय म्हंजे? कोनी कुलूप लावला?"

"कोनी नाय. गाड्या हायत."

ती हसायला लागली. आजूबाजूच्या बायकांना तिने सांगितलं आणि त्याही हसायला लागल्या, ते मला ऐकू आलं. चार वाजता मुलगा आला तेव्हा मी बाहेर पडले. तोवर बाजार धुऊन झाला होता.

रविवारी सोसायटीची बैठक होती. बैठक गाड्यांमधेच होते, चार खुर्च्या टाकून, बाकीचे गाड्यांच्या सीटवर टेकतात. मी त्या दिवशी बाजार बुडवून बसले आणि म्हणाले की जागा आखा, रंगाचे पट्टे मारा आणि मला दोन फूट वाट सोडा. सगळ्यांनी माना हलवल्या. सेक्रेटरी निवृत्त, शाकाहारी माणूस. कधी आवाज चढवत नाहीत. त्यांच्याशी भांडता येत नाही, हीच त्यांची अडचण.

"मावशी, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "मीटिंग झाली की जरा घरी येतो."

आले ते हातात गुंडाळलेला कागद घेऊन. आमच्या पलंगावर उलगडला. इमारतीचा नकाशा होता. मी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी येत नाही, पण खांब ओळखता आले. त्यांना टेकतच मी रोज चालते. मी बोट ठेवत गेले. चौथ्या खांबानंतर आमची भिंत हवी होती. तिथे भिंत नव्हती. लहान लहान चौकोन आखले होते, ओळीने.

"हे काय?"

"पार्किंग."

"आणि आमची खोली?"

"तेच दाखवतोय, मावशी."

मुलगा फोनकडे बघत होता. फोन वाजत नव्हता.

सेक्रेटरींनी सगळं समजावून सांगितलं. गाड्या लावायच्या जागेवर बिल्डरने भिंती घातल्या आणि खोली म्हणून विकली. आमच्याकडे कागद आहेत, पण नकाशात आम्ही नाही. "आमच्यापैकी कोणी काही बोलणार नाही. पण तुम्हीही हा विषय फार ताणू नका. उद्या चिडून कोणी बाहेर तक्रार केली, तर बघायला माणसं येतात. आणि ती नकाशा घेऊनच येतात."

चहा न घेता गेले. आमच्याकडे ते चहाही घेत नाहीत, भांड्यांना वास येतो म्हणून.

मी मुलाला विचारलं, "तुला म्हाईत होता?"

"आये, तळमजला तुज्या गुडग्यासाठीच घेतला ना. वरचा परवडत होता का?"

"मी काय विचारलं?"

"म्हाईत होता," तो म्हणाला.

त्यानंतर मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते दिवस मला लांब वाटले. आमच्या खोलीमुळे गाड्यांना जागा नव्हती आणि गाड्यांमुळे मला. तक्रार करावी तर घर जाणार, न करावी तर घरातच राहायचं. कधी वाट मिळायची, कधी नाही. बाजाराचे निम्मे दिवस बुडायला लागले. मी उंबरठ्यावर पाट टाकून बसायची आणि बघायची.

बघून बघून मला सगळ्यांच्या वेळा कळल्या. चौथ्या मजल्यावरची नर्स पहाटेच्या पाळीला जाते, तिची स्कूटर नेमकी सगळ्यांच्या मागे. ती रोज चार गाड्या हलवते आणि रोज शिव्या देते. पहिल्या मजल्यावरचा जेवणाची पार्सलं पोचवतो, तो अकराला निघतो, पण गाडी मात्र गेटच्या तोंडाशी. आधी निघणारे आत आणि उशिरा निघणारे बाहेर. कोणी डोकंच चालवलं नव्हतं.

हे काम आम्हाला येतं. उरणच्या बंदरावरून आम्ही बारा-पंधरा बायका एका टेम्पोने यायचो. जी शेवटी उतरणार तिची पाटी आधी चढते, आतल्या भिंतीशी. जी आधी उतरणार तिची शेवटी, फाळक्याशी. हा नियम कोणी लिहिलेला नाही. मोडला तर वाटेत सगळ्या पाट्या खाली उतरवाव्या लागतात, आणि मोडणाऱ्या बाईला पनवेल येईपर्यंत शिव्या खाव्या लागतात.

मी नर्सला थांबवून सांगितलं. तिला लगेच पटलं, कारण फायदा तिचाच होता. तिने बाकीच्यांना सांगितलं. मी गेटजवळच्या खांबावर खडूने खोलीचे नंबर आणि निघायची वेळ लिहिली, वरून खाली. आधी निघणारा गेटशी, उशिरा निघणारा आत. गाडी मेन स्टँडवर, तोंड गेटकडे. आत येताना इंजिन बंद करून ढकलत आणायची. दुसऱ्याच्या सीटवर हेल्मेट किंवा भाजीची पिशवी ठेवायची नाही. पाहुण्यांची गाडी रस्त्यावर.

पार्सलवाला वाचून हसला. "आजी, तुमच्याकडे लायसन आहे का?"

"माज्याकडं कोयता हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडी आत लावली.

एक खोली तिसऱ्या मजल्यावरची. तो माणूस जहाजावर नोकरीला, गाडी कापड घालून महिनोन् महिने उभी. त्याच्या बायकोला विचारलं, कधी निघणार? ती म्हणाली, दिवाळीला येतात. मी खांबावर सगळ्यांच्या खाली लिहिलं, दिवाळी.

आठ दिवसांत सकाळची भांडणं थांबली. लोक खूश झाले. सेक्रेटरींनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मग एक अडचण निघाली. माणसं वेळेवर निघत नाहीत. कोणाला ताप येतो, कोणाची सुट्टी असते, मग मागचा अडकतो. हँडल लॉक करू नका म्हटलं तर चोरीची भीती. तेव्हा ठरलं की प्रत्येकाने दुसरी चावी माझ्याकडे ठेवायची. ज्याला गाडी हलवायची असेल त्याने माझ्याकडून चावी न्यायची आणि परत आणून द्यायची. "तुम्ही घरी असताच," सगळे म्हणाले. मीही हो म्हटलं. मुलाने दारामागे फळी ठोकली, फळीवर अकरा खिळे. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. तीन वर्षं मी त्या इमारतीत कोणाच्या उपयोगाची नव्हते.

पहिल्या बुधवारी मी पिशवी घेऊन निघाले. जाळीचं दार पूर्ण उघडलं, तेवढी जागा मी आठवणीने सोडायला लावली होती. दोन पावलं टाकली आणि थांबले. समोर तीन गाड्या ओळीने, खांबापासून भिंतीपर्यंत. दुसऱ्या मजल्यावरची, माझ्या मुलाची आणि जहाजवाल्याची. दिवसभर न हलणाऱ्या. शेवटी निघणारी आतल्या भिंतीशी, असा माझाच नियम. टेम्पोत आतल्या भिंतीशी कोणी राहत नाही. इथे आतली भिंत म्हणजे माझं दार.

त्या तिन्ही गाड्यांच्या चाव्या माझ्या दारामागे टांगलेल्या होत्या. गाडी हलवायची ताकद मात्र चावीबरोबर येत नाही.

मी परत घरात आले. हे कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याने अडवलं असतं तर ओरडले असते. स्वतःच अडवल्यावर कोणावर ओरडणार? शिवाय थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी चावी मागायला यायचं, तेव्हा घरात कोणी असायलाच हवं, असं मी मनाला सांगितलं. नणंदेला फोनवर म्हणाले, गुडघा दुखतोय. तीन आठवडे हेच सांगितलं. एका शुक्रवारी मुलाच्या गाडीवरून आडवी होऊन जायचा प्रयत्नही केला. अर्ध्यात अडकले. तसंच उलटं मागे यावं लागलं. वरून कोणी बघितलं नाही, हे नशीब.

चौथ्या आठवड्यात सोमवारी नणंद स्वतः आली. सोमवारी बाजार थंड असतो. गाड्यांच्या पलीकडे उभी राहिली. तिला अलीकडे येता येईना, मला पलीकडे जाता येईना. तिने बोंबलांची पिशवी जहाजवाल्याच्या सीटवर ठेवली आणि पुढे सरकवली.

"गुडगा दुकतंय बोललीस."

"दुकतंय."

"मग ह्या गाड्या कशाला हायत हितं?"

ती गेटजवळच्या खांबाशी गेली. तिला वाचता येत नाही. "हे काय लिवलंय?"

"गाड्या कवा निगतात ते. मीच लिवलंय. आपल्या टेम्पोसारका लावला हाय."

"वाच."

मी जाळीला धरून उभ्या उभ्या म्हणून दाखवलं, पाठच होतं. नर्सच्या सहापासून जहाजवाल्याच्या दिवाळीपर्यंत. ती ऐकत राहिली.

"तू कवा निगतंस?" तिने विचारलं.

मी खांबाकडे बघितलं.

"म्हंजे पाट्या टेम्पोत भरल्यास आनी बाया बंदरावर ठेवल्यास," ती म्हणाली. हसली नाही. मग येण्याचं कारण सांगितलं. "ऐक. बुधवारी आलीस नाय तर तुजा पाट मी दुसरीला देतंय. एक बाय विचारतंय, हात जलद हाय तिचा. गिऱ्हाईक थांबत नाय गो. मी तरी किती दिस सांगू, वयनी येनार हाय, वयनी येनार हाय."

"दे मग."

"देन. बुधवारी."

ती बोलते तसं करते. आमच्या घरात सगळ्या तशाच आहेत.

मंगळवारी संध्याकाळी मुलगा आला तेव्हा मी त्याला गाडी बाहेर काढायला सांगितली. रस्त्यावर, गटाराच्या भिंतीला लागून.

"बाहेर उचलतात, आये. टोइंगवाले येतात, उचलून नेतात."

"उचलू दे."

"बाकीच्यांना सांग ना. जहाजवाल्याची काड. वरच्याची काड. आपलीच का?"

"त्यांना सांगितला तर नकाशा निगतंय. तुला सांगितला तर काय निगतंय?"

तो जेवला नाही. पण गाडी काढली. मी काठी टेकत मागे गेले आणि खांबावरचा आमच्या खोलीचा नंबर पदराने पुसला. त्या जागी खडूने लिहिलं: आजी १०. खाली वार लिहिले, बुध, शुक्र, रवि. गाडीच्या जागेत माणूस लिहिताना मला काही वाटलं नाही. दोघांना तेवढीच रुंदी लागते.

बुधवारी दहा वाजता मी निघाले. चाव्यांचं काय करायचं हे रात्रभर ठरलं नव्हतं. घर बंद करून गेले तर कोणाची तरी गाडी अडकणार आणि ओरड होणार. शेवटी फळीवरच्या सगळ्या चाव्या काढून पिशवीत टाकल्या, कोयत्याशेजारी. गेटवर दुकानदाराला सांगितलं, कोणी विचारलं तर मासळी बाजारात पाठव.

नणंदेने पाट पुढे सरकवला. समोर कोलंबीचा ढीग टाकला.

साडेअकराला पार्सलवाला आला. मासळीचं पाणी चपलांना चुकवत, पाय उचलून उचलून. त्याच्या पुढे कोणाची तरी गाडी होती. चावी घेतली, जाताना अर्धा किलो बांगडेही घेतले. बारा वाजता सेक्रेटरी. त्यांना स्कूटर काढायची होती, पुढे नर्सची स्कूटर आडवी, तिला त्या दिवशी सुट्टी. ते बाजाराच्या तोंडाशी उभे राहिले, नाकाला रुमाल.

"मावशी, चावी."

"आत या. माजे हात खराब हायत."

ते आत आले नाहीत. बायका बघायला लागल्या. नणंद ओरडली, "या ना साहेब, चावत नाय, मेलेली हाय सगली." बायका हसल्या. तेही थोडे हसले, काय करणार. मग आले, जमिनीकडे न बघता. मी पिशवी उघडून धरली आणि त्यांनी दोन बोटांनी चावी शोधली.

"हे असं चालणार नाही, मावशी," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही घरी असता म्हणून चाव्या ठेवल्या. आणि घराचं तर तुम्हाला..."

"घराचं मना म्हाईत हाय," मी म्हणाले. "चाव्या नको तर परत घ्या सगल्यांनी. पुन्ना चार चार गाड्या हलवा सकाळी."

त्यांनी चावी रुमालाला पुसली. मग म्हणाले, "एकला याल ना?"

"एकला येते. खांबावर लिवते."

तसं लिहिलं. बुध, शुक्र, रवि, दहा ते एक, आजी बाजारात. तेव्हापासून तसंच चालू आहे. सुटका झाली असं मी म्हणणार नाही. नकाशा त्यांच्या कपाटात आहे. कधी कोणाचं डोकं फिरेल आणि आमच्या भिंती मोजायला माणसं येतील, सांगता येत नाही. एकच्या पुढे बाजारात बसता येत नाही, चांगली गिऱ्हाइकं असली तरी. मुलाची गाडी दोनदा उचलून नेली. दुसऱ्यांदा तो माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. मीही बोलले नाही. तो आता सकाळी गाडी घेऊन रोडपालीला जातो, दिवसभर ती मित्राच्या इमारतीत ठेवतो आणि कंपनीची बस तिथून पकडतो. घरी यायला त्याला पाऊण तास जास्त लागतो.

मागच्या बैठकीत चाव्यांना मासळीचा वास येतो अशी तक्रार आली. खिशाला लागतो, ऑफिसात लोक विचारतात. सून म्हणाली, आये, लिंबाने धुऊन ठेवत जा. मी धुवत नाही. कोलंबी सोलून आले की पिशवीतून चाव्या काढते आणि जशाच्या तशा खिळ्यांवर टांगते, दहा चाव्या. अकरावा खिळा रिकामा आहे. त्यावर मी माझी काठी अडकवते.